म्यूझिकफेराइनची तिकिटे

व्हिएन्ना

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचे व्हिसा हाती आल्याचे कळले आणि त्याच संध्याकाळी मी म्यूझिकफेराइन या इथल्या संगीतसभागृहातल्या मैफलीची आपली तीन तिकिटे काढली. पूर्वार्धात शूमान या संगीतकाराचा पियानो कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना आहे आणि मध्यंतरानंतर ब्राम्स या संगीतकाराची दुसरी सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. बाबा, नववर्षाची जी मैफल तुम्ही टीव्हीवर पाहता आणि जिचे संचालन आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी 5 वेळा केले, ती होते तेच हे सोनेरी सभागृह. त्या मैफलीच्या तिकिटांसाठी फेब्रुवारीत अर्ज घेऊन सोडत काढतात, आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या एरवीच्या मैफलींची बहुतेक तिकिटे वर्षानुवर्षांच्या वर्गणीदारांकडेच असतात; म्हणून मी शहरातल्या दुसऱ्या वाद्यवृंदाची मैफल निवडली आहे.

जागा निवडायला मात्र मी बराच वेळ घेतला. सभागृहाच्या मागच्या बाजूस कठड्याआड उभे राहून ऐकण्याची सोय आहे, तिथले तिकीट सर्वांत स्वस्त असते आणि मी स्वतः नेहमी तिथेच असते, पण बाबांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. बाजूच्या सज्ज्यांमध्ये मागच्या रांगेतून व्यासपीठ दिसतच नाही. म्हणून बाल्कनीत मधोमध, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या घेतल्या. आई, किंमत विचारू नकोस. तुम्ही दोघांनी वादकांचे हात पाहावेत, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

शहरात फिरताना पांढरा टोप आणि लाल कोट घातलेली मुले तुम्हाला मोझार्टच्या नावाने तिकिटे विकायला येतील. त्यांच्याकडून काही घेऊ नका. ते कार्यक्रम पर्यटकांसाठी लोकप्रिय तुकडे निवडून केलेले असतात, आणि तुम्ही अख्खी रचना ऐकावी असे मला वाटते.

ब्राम्सची ही सिंफनी 30 डिसेंबर 1877 रोजी याच सभागृहात, हान्स रिश्टर यांच्या संचालनाखाली प्रथम वाजली. आदल्या उन्हाळ्यात वर्टरझे सरोवराकाठी ती लिहिली गेली. सुरुवातीला चेलो आणि डबल बेस ही मोठी तंतुवाद्ये खर्जात तीनच स्वर वाजवतात. आई, तू पेटीवर वाजवून पाहा: सा, खालचा शुद्ध नी, पुन्हा सा. तेवढ्यावर हॉर्न या पितळी वाद्याची धून उभी राहते, आणि तेच तीन स्वर पुढे कधी व्हायोलिनमध्ये, कधी पितळी वाद्यांमध्ये, कधी संथ तर कधी भरधाव येत राहतात. सवाईला एकेका रागाची बढत तासन् तास ऐकलेल्या तुम्हा दोघांना ते आपोआप सापडतील, याबद्दल मला शंका नाही. हे सारे ध्वनिवर्धकाविना ऐकायचे आहे. सभागृह जवळजवळ 49 मीटर लांब आणि 19 मीटर रुंद असूनही चेलोच्या तारा नुसत्या बोटांनी छेडल्या तरी बाल्कनीपर्यंत स्पष्ट ऐकू येतात.

एक रीत सांगून ठेवते. सिंफनीचे चार भाग असतात आणि त्यांच्या मधल्या विरामात टाळ्या वाजवत नाहीत. बाबा, तुमच्या तोंडून ‘वाहवा’ निघेल हे मला माहीत आहे, आणि ती आवरायला सांगताना मलाच वाईट वाटते. पहिल्या प्रयोगाच्या वेळी श्रोत्यांच्या आग्रहामुळे तिसरा भाग लगेच पुन्हा वाजवावा लागला होता; हल्लीचा कडक शिस्तीचा शिरस्ता नंतरचा आहे. चौथा भाग संपला की मात्र हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवा.

कोट आणि मोठ्या पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात, शिवाय जिने आहेत, म्हणून आपण अर्धा तास आधी पोहोचू. खोकल्याच्या गोळ्या कागदातून आधीच काढून रुमालात ठेवा. सिंफनीचे रेकॉर्डिंग बाबांच्या मोबाइलवर पाठवले आहे. सगळे ऐकणे झाले नाही, तर निदान तिसरा भाग ऐकून ठेवा. त्यात ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याची जी नाजूक धून आहे ती आईला नक्की आवडेल.

तुमची,
लेक