छतावरच्या अँटिनाने नव्हे, वेळापत्रकाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लंडनच्या ‘पायरेट’ म्हणजे विनापरवाना डान्स रेडिओवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख रंजक आहे. पण तो वाचून कुणालाही वाटेल, की चार पोरे उंच इमारतीच्या छतावर चढली, अँटिना ठोकला, धाडी चुकवल्या आणि बघता बघता स्टेशन नावारूपाला आले. छतावर अँटिना ठोकणारे त्या शहरात डझनांनी होते. त्यातले बहुतेक वर्षा-दोन वर्षांत विरून गेले. जे टिकले ते का टिकले, हे लेखात आलेच नाही. आणि त्याच लेखाच्या चौकटीत ‘आपल्याकडेही असे व्हायला हवे’ म्हटले आहे, म्हणून हे पत्र.

किस एफएम ७ ऑक्टोबर १९८५ रोजी ९४ एफएमवर सुरू झाले. गॉर्डन मॅक हा त्याचा सूत्रधार. नॉर्मन जे, जॅझी बी, ट्रेव्हर नेल्सन, डॅनी रॅम्पलिंग अशी मंडळी त्यावर रेकॉर्ड वाजवत. त्यांचे पोट क्लबातल्या रात्रींवर चाले, रेडिओवर नव्हे. या स्टेशनचे खरे धाडस छतावर चढण्यात नव्हते, उतरण्यात होते. १९८८ च्या अखेरीस, लोकप्रियता ऐन भरात असताना, त्यांनी प्रक्षेपण स्वतःहून बंद केले. कारण त्यानंतरही बेकायदा चालू राहणाऱ्यांना परवान्याचे दार बंद होणार होते. १९८९ मधला पहिला अर्ज फसला, परवाना जॅझ एफएमला गेला. पुढच्या फेरीत तो मिळाला आणि १ सप्टेंबर १९९० ला १०० एफएमवर किस कायदेशीरपणे सुरू झाले. मधले वीस महिने हवेत काही नव्हते. क्लबांतले कार्यक्रम चालू ठेवून लोक टिकवले गेले, एवढेच.

रिन्स एफएमचा प्रवास आणखी लांबचा. १९९४ मध्ये पूर्व लंडनमध्ये जीनियस आणि स्लिमझी या कोवळ्या पोरांनी ते सुरू केले. आधी ‘जंगल’, मग ‘गॅराज’, मग ‘ग्राइम’ आणि ‘डबस्टेप’, अशा डान्स संगीताच्या एकेक शैली त्यावर वाजत गेल्या. २००५ मध्ये स्लिमझीवर न्यायालयाने बंदी घातली, की टॉवर हॅम्लेट्स भागात चार मजल्यांहून उंच इमारतीच्या छतावर जायचे नाही. लेखात ही बंदी गमतीचा किस्सा म्हणून येते. त्या आणि पुढच्या काही वर्षांत पडद्याआड काय चालले होते? सारा लॉकहार्टसारखी व्यवस्थापनाची जाण असलेली व्यक्ती जोडली गेली होती, ‘फॉरवर्ड’ या क्लबरात्रीशी स्टेशनचा घरोबा झाला होता, सीडींची मालिका निघू लागली होती आणि परवान्यासाठी पाठपुरावा सुरू होता. २०१० मध्ये सामुदायिक परवाना मिळाला. छतावरची सोळा वर्षे सगळ्यांना पाठ आहेत, अर्जाची वर्षे कुणाला आठवत नाहीत.

आता वेळापत्रकाविषयी, कारण स्टेशन तिथेच तरते किंवा बुडते. रोज संध्याकाळी सहा ते रात्री बारा एवढेच प्रक्षेपण धरा. दोन-दोन तासांचे तीन कार्यक्रम, आठवड्याला एकवीस. बिनपगारी माणूस दर आठवड्याला नेमाने येत नाही, पंधरवड्याला येतो. म्हणजे बेचाळीस डीजे हवेत. शिवाय आयत्या वेळी दांडी मारणाऱ्यांच्या जागी उभे राहतील असे पाच-सहा जण. चोवीस तास चालवायचे म्हटले तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी कार्यक्रम होतात आणि माणसे लागतात १६८. दहा मित्र जमवून चोवीस तासांची घोषणा करणारे स्टेशन तिसऱ्या महिन्यात जुनी रेकॉर्डिंगे फिरवत बसते ते याच हिशेबामुळे. सहा तास चालवा, पण मंगळवारी रात्री आठला जे असते ते मंगळवारी रात्री आठलाच असू द्या.

पायरेट स्टेशनांवर डीजेला मानधन नसे. उलट डीजेच वर्गणी भरत. लेखकाला हे शोषण वाटले. आम्हाला तसे वाटत नाही. छतावरचा ट्रान्समीटर जप्त होई किंवा दुसरी टोळी चोरून नेई. नवा घ्यायला काहीशे पौंड लागत आणि ते या वर्गणीतून येत. म्हणूनच स्टुडिओ एका इमारतीत आणि ट्रान्समीटर दुसरीकडे, मध्ये छोटा बिनतारी दुवा, अशी रचना असे. छतावरचे यंत्र गेले तरी रेकॉर्ड, त्या वाजवायचे डेक आणि माणसे वाचत. पैसे भरलेला माणूस आपली वेळ सहसा चुकवत नाही, हा वर्गणीचा दुसरा फायदा. गणेशमंडळाची पावती फाडलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

श्रोते मोजण्याचा उपायही आपल्याला ओळखीचा आहे: मिस्ड कॉल. गॅराजच्या काळात स्टुडिओत एक मोबाइल ठेवलेला असे. गाणे आवडले की लोक एक रिंग देऊन फोन ठेवत; नंबराचे शेवटचे तीन आकडे निवेदक हवेत पुकारी. कॉल फार आले की डीजे रेकॉर्ड उलटी फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावी. श्रोत्याचा पैसा खर्च होत नसे आणि स्टेशनला कळे, की कुठली नवी रेकॉर्ड चालणार. या रेकॉर्ड बहुधा बाजारात आलेल्याच नसत. एकेक प्रत कापून घेतलेली मऊ ‘डबप्लेट’, जी काही डझन वेळा वाजवली की झिजते. ते संगीत ऐकायला दुसरी जागाच नव्हती. स्टेशन वाढले त्यात याचा वाटा छतापेक्षा कितीतरी मोठा.

तांत्रिक बाजूला लेखात ‘शक्तिशाली ट्रान्समीटर’ असा शब्द तीनदा आला आहे. एफएमचा पल्ला मुख्यतः उंचीवर ठरतो. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणा, साधारण तितके किलोमीटर. साठ मीटरच्या इमारतीवरून बत्तीस किलोमीटर. जमिनीपासून पाच मीटरवर तोच अँटिना नऊ किलोमीटरवर थांबतो, वाटेत घरे आली तर त्याच्याही आत. वॉट दुप्पट केले तर फरक फक्त ३ डेसिबलचा. तेवढे तर बारीक केबलच खाऊन टाकते: आरजी-५८ जातीची वीस मीटर केबल १०० मेगाहर्ट्झला जवळजवळ अर्धी शक्ती गिळते. पैसे ट्रान्समीटरवर उधळून केबलीत काटकसर करणारे सगळीकडे भेटतात.

आणि बेकायदा एफएम निरुपद्रवी असते हा लेखातला सूर तर सपशेल चूक आहे. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो. एकाच छतावर ९० आणि १०० मेगाहर्ट्झचे दोन ट्रान्समीटर शेजारी असले आणि नको त्या लहरी अडवणाऱ्या गाळण्या (फिल्टर) धड नसल्या, तर दोघांच्या मिसळणीतून ११० मेगाहर्ट्झवर तिसराच संदेश जन्मतो. विमानाला धावपट्टी दाखवणारी यंत्रणा याच पट्ट्यात चालते. भारतात काय किंवा इंग्लंडात काय, परवान्याशिवाय एफएम प्रक्षेपण करू नये.

आज करायचे तर इंटरनेटवरून करावे. तिथे खर्च कमी आहे, पण बिघाड वेगळे आहेत. स्टुडिओतल्या संगणकातून सर्व्हरकडे एकच प्रवाह जातो, १२८ किंवा १९२ किलोबिटचा. घरच्या जोडणीला तो सहज झेपतो. श्रोत्यांचा भार सर्व्हरवर पडतो: १२८ किलोबिटला एक श्रोता तासाला सुमारे ५८ मेगाबाइट ओढतो, दोनशे श्रोते एकाच वेळी आले तर सेकंदाला सुमारे साडेपंचवीस मेगाबिट. प्रवाह पाठवायला ‘बट’, सर्व्हरवर ‘आइसकास्ट’, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. संगणक वायफायवर ठेवू नका, केबलच लावा. वीज जाते तिथे संगणकाला आणि आवाज मिसळणाऱ्या मिक्सरला यूपीएस लावतात आणि राउटरला विसरतात. दिवे गेल्यावर मिक्सर चालू, डीजे रंगात आणि बाहेर कुणाला काही ऐकू येत नाही.

शांतता ओळखणारी यंत्रणा हवीच. डीजे आला नाही किंवा वायर निसटली, की तीस सेकंदांत राखीव संगीत आपोआप सुरू झाले पाहिजे. डान्स संगीतात मात्र इथे एक खोच आहे. ट्रॅकच्या मध्यावर ढोलके थांबतात, एखादा सूर तेवढा तरंगत राहतो. मर्यादा उणे ३० डेसिबल आणि दहा सेकंद ठेवली असेल, तर यंत्रणा याला मौन समजते आणि ऐन रंगात भलतेच गाणे घुसवते. उणे ५० आणि तीस सेकंद ठेवा.

पण सगळ्यात जास्त तक्रारी येतात आवाजाच्या पातळीवरून. स्टुडिओतले मॉनिटर, म्हणजे डीजेचे स्वतःचे स्पीकर, मोठे ठेवले की कान दमतात, डीजेला आवाज कमी वाटतो, तो मिक्सर तांबड्या दिव्यांत नेतो. तिथे कापलेल्या लाटा पुढे कुठलाही लिमिटर, म्हणजे आवाज ठराविक पातळीच्या वर जाऊ न देणारे यंत्र, जोडून देत नाही. लिमिटर आधीच फाटलेला आवाज नीटनेटका करून पाठवतो, इतकेच. मिक्सरच्या शेवटच्या हिरव्या दिव्यावर खूण करा, रेकॉर्डिंगची शिखरे उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, आणि मॉनिटरच्या बटणाला चिकटपट्टी लावून ठराविक जागी थांबवा. एफएमवर याहून बारीक अडचण असते. प्रक्षेपणाआधी उंच स्वर मुद्दाम वाढवले जातात; ५० मायक्रोसेकंदांच्या मानकात १० किलोहर्ट्झला ही वाढ दहा डेसिबलच्या वर जाते. डान्स संगीतात हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमसंचातल्या झांजांचा, सततचा छनछनाट आधीच भरपूर असतो. मग लिमिटर प्रत्येक छन्नसरशी सगळे संगीत खाली दाबतो आणि ढोलाचा दम जातो. ‘बेस कमी आहे’ अशी तक्रार आली की नवखे लोक बेस वाढवतात. दुखणे वरच्या टोकाला असते. तिथे दोन-तीन डेसिबल उतरवले की बेस आपोआप परत येतो.

टर्नटेबल असेल तर त्याची बारीक अर्थवायर मिक्सरच्या मागच्या स्क्रूला बांधा, नाहीतर ५० हर्ट्झचा गुणगुणाट कायमचा सोबतीला. पाहुणे पेनड्राइव्ह आणतात तो एफएटी-३२ पद्धतीने तयार केलेला हवा. डीजेंची सीडी-पेनड्राइव्ह वाजवणारी जुनी यंत्रे (सीडीजे) विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा वाचत नाहीत, आणि हे हवेत जायला दोन मिनिटे असताना कळते. जाणाऱ्या डीजेने एक चॅनल मोकळा ठेवायचा, येणाऱ्याने दहा मिनिटे आधी पोचायचे, पहिली रेकॉर्ड आत शिरेपर्यंत जाणाऱ्याने आपली उतरवायची नाही. हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. तोंडी सांगितलेले कुणी पाळत नाही.

भारतापुरते दोन मुद्दे. २००६ च्या धोरणानुसार सामुदायिक रेडिओचा परवाना संस्थांना मिळतो, व्यक्तीला नाही; शक्ती १०० वॉट, निम्मा तरी मजकूर स्थानिक, आणि भर शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवर. नुसते डान्स संगीत त्या चौकटीत बसत नाही. राहिला इंटरनेट. तिथे वारंवारितेचा परवाना लागत नसला, तरी संगीताचे हक्क लागतात, आणि ते दोन वेगळे असतात: ध्वनिमुद्रणाचे आणि रचनेचे. कॉपीराइट कायद्यातले ३१-डी कलम प्रसारकांना ठरलेल्या दराने गाणी वाजवू देते. पण इंटरनेट सेवेला ते लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक ही इंटरनेटवरची गाण्यांची सेवा या खटल्यात सांगितले. ‘ओळखीच्या मुलाचाच ट्रॅक आहे’ यानेही भागत नाही. तो मुलगा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा सभासद असेल, तर सादरीकरणाचा हक्क त्याने संस्थेकडे दिलेला असतो आणि तुम्हाला तोंडी परवानगी द्यायला त्याच्या हातात काही उरत नाही. सभासद नसेल तर लेखी घ्या; ट्रॅकचे नाव, तारीख, मुदत, सगळे.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘पायरेट रेडिओचा अँटिना’ असे छापले आहे. आडव्या कांडीवर शिडीसारख्या काड्या असलेला तो टीव्हीचा अँटिना आहे. या स्टेशनांचा अँटिना बहुधा दोन तांब्याच्या नळ्यांचा असे, १०० मेगाहर्ट्झसाठी प्रत्येकी सुमारे ७१ सेंटिमीटरच्या, आणि तो उभा लावत. कारण गाडीच्या रेडिओची काडीही उभी असते.

आपले,
लंडनमधील सामुदायिक रेडिओची तांत्रिक बाजू पाहणारे दोन मराठी वाचक