पॉहस्काचा घोडेस्वार

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "इथे बघण्यासारखं काही नाही गं, जिकडे तिकडे नुसतं गवत." तेवढ्यात बाबांनी फोन घेतला आणि माझं सांगायचं राहून गेलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुझ्या ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरपासून गाडीने तासा-सव्वा तासावर पॉहस्का नावाचं गाव आहे. ओसेज या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचं मुख्य ठाणं. त्या गावात बेन जॉन्सन या जुन्या हॉलिवूड नटाची कबर आहे. आणि ज्या गवताला तू नावं ठेवतेस, त्याच गवतात तो वाढला.

नाव सांगून तुला आठवणार नाही. चेहरा सांगते. 'शेन' या काउबॉयच्या सिनेमात गुत्त्यात नायकाला, म्हणजे शेनला, डिवचणारा, त्याच्या कपड्यांवर दारू ओतणारा आणि पुढे त्याच्याच हातचा मार खाणारा तो उंच, रुंद खांद्यांचा क्रिस कॅलोवे. तू शाळेत असताना आपण तो सिनेमा दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा तुझं लक्ष त्या लहान पोराकडे आणि कुत्र्याकडे. माझं लक्ष कॅलोवेकडे. कारण शेवटाकडे तोच माणूस रात्री गुपचूप येऊन शेनला धोक्याची सूचना देतो आणि मालकाची नोकरी सोडून निघून जातो. तेवढ्यासाठी त्याला दोन-चारच वाक्यं दिलेली आहेत. आपल्याला मारणाऱ्याबद्दल मनात आदर बसला आहे, हे तो तोंडाने कुठेच म्हणत नाही. नजर जरा खाली, आवाज नेहमीसारखा, बस. दुय्यम भूमिकेत एवढं करून दाखवणं फार कठीण असतं. नायकाकडे दोन तास असतात. याच्याकडे एक मिनिट होतं.

त्याचा जन्म १३ जून १९१८ चा, ओसेज काउंटीतल्या फोरेकर नावाच्या लहानशा गावातला. वडिलांचं नावही बेन जॉन्सनच. ते चॅपमन-बर्नार्ड या अवाढव्य रँचचे, म्हणजे गुरं पाळायच्या कुरणाचे, मुकादम होते आणि खोंडांना फास टाकण्यात त्या काळातले नामांकित. मुलगा त्याच रँचवर, घोड्यावरच मोठा झाला. ओसेज लोकांच्या जमिनीखाली तेल सापडलं होतं. त्या पैशापायी १९२०च्या दशकात त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे खून झाले. बेन तेव्हा लहान होता. तिकडे गेलीस तर ओसेज लोकांच्या संग्रहालयातही जा आणि हे नीट वाच. त्या भूमीवरून सरळ काउबॉयच्या गोष्टीकडे जाणं बरं नव्हे.

१९४० साली हॉवर्ड ह्यूज हा कोट्यधीश आपल्या सिनेमासाठी घोडे शोधत होता. ते त्याने या रँचवरून घेतले. घोडे आधी ॲरिझोनाला आणि तिथून हॉलिवूडला पोचवायला माणूस हवा होता. बेन गेला. रँचवर त्याला दिवसाला एक डॉलर मिळायचा. हॉलिवूडचा पहिला चेक तीनशेचा. तो पुढे सांगायचा की त्यानंतर सोटा घेऊन मागे लागलं असतं तरी मी ओक्लाहोमाला परतलो नसतो. स्टुडिओंना घोडे पुरवणाऱ्या फॅट जोन्सची मुलगी कॅरल हिच्याशी १९४१ मध्ये त्याचं लग्न झालं. १९९४ मध्ये ती जाईपर्यंत दोघांनी संसार केला.

पहिली आठेक वर्षं त्याला कोणी नट म्हणून ओळखत नव्हतं. घोडे सांभाळायचे, आणि मोठ्या नटांच्या जागी घोड्यावर बसून उड्या मारायच्या, पडायचं. पाहणाऱ्यांना वाटायचं, नायकच पडला. या लोकांची नावं तेव्हा पडद्यावर येतही नसत. मला याचा राग येतो, अजूनही. त्या सिनेमांतली निम्मी जादू घोड्यावरच्या माणसांची आहे.

'फोर्ट अपाची'च्या चित्रीकरणात तो हेन्री फोंडाच्या जागी घोड्यावर बसायचा. एका दृश्यात गाडीला जुंपलेले घोडे बिथरले आणि आत तीन माणसं असताना उधळले. बेन जवळच घोड्यावर होता. त्याने घोडा पिटाळला आणि ती गाडी थांबवली. दिग्दर्शक जॉन फोर्ड म्हणाला, याचं बक्षीस मिळेल. बेनला वाटलं, आणखी एखाद्या सिनेमात असंच काम मिळेल, फार तर बोलायला दोन वाक्यं. फोर्डने बोलावून पाकीट हातात ठेवलं. आत सात वर्षांचा करार. वाचता वाचता त्याला आठवड्याला पाच हजार डॉलर हा आकडा दिसला. पुढचं न वाचता त्याने सही करून कागद परत दिला.

मग १९४९ चा 'शी वोअर अ यलो रिबन'. त्यात तो सार्जंट टायरी. हा सिनेमा तू पशुवैद्यकीची विद्यार्थिनी म्हणून पाहा, सिनेमाची म्हणून नको. मागे शत्रू लागले आहेत आणि तो स्टील नावाच्या घोड्यावर भरधाव चालला आहे. त्याची बैठक बघ, लगाम धरलेला हात बघ. घोड्याच्या तोंडाला जराही हिसका नाही. कमरेपासून वरचा देह शांत, आणि खाली सगळा वेग. जॉन वेन तासन् तास पडद्यावर असतो, माझा आवडताही आहे, पण घोड्यावर बेनच्या शेजारी कोणीही आलं तरी तो पाहुणा वाटतो. पुढच्या वर्षी 'रिओ ग्रांदे'मध्ये तो आणि हॅरी कॅरी ज्युनिअर दोन दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय ठेवून उभे राहिले आणि तसेच घोडे पळवत अडसरावरून उडी घेतली. तिथे कोणीही बदली माणूस नाही. दोघांनी त्यासाठी सराव केला आणि स्वतः केलं.

त्याच वर्षीच्या 'वॅगन मास्टर'मध्ये फोर्डने त्याला नायक केलं. घोडे विकणारा एक तरुण मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या गाड्यांचा तांडा वाट दाखवत नेतो, एवढीच गोष्ट. माझ्या मते फोर्डचा सगळ्यात मोकळा सिनेमा तोच. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म आर्काइव्हमध्ये मी तो पहिल्यांदा पाहिला आणि बाहेर येऊन बराच वेळ कोणाशी बोलले नाही. त्यात नावाहो लोक आणि तांड्यातली माणसं एका शेकोटीभोवती नाचतात. त्या काळच्या बहुतेक वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयच्या सिनेमांत, नावाहोंसारखे मूळ रहिवासी फक्त गोळी लागून पडण्यापुरते असत. मॉन्युमेंट व्हॅलीतल्या नावाहो लोकांनाच कधी अपाची, कधी आणखी कोणी करून उभं केलं जाई. हे सिनेमे मला कितीही प्रिय असले तरी हा त्यांच्यातला अन्याय आहे, आणि तो डोळ्यांआड करून ते बघू नयेत.

आता बेन नायक झाला, म्हणजे पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं नाही. 'रिओ ग्रांदे'च्या वेळी रात्रीच्या जेवणाला तो शेजाऱ्याशी काहीतरी बोलला. फोर्डला वाटलं आपल्यावर टीका झाली, आणि त्याने सगळ्यांदेखत बेनचा अपमान केला. बेन उठला, फोर्डच्या जवळ जाऊन त्याला काय ते सुनावलं आणि निघून गेला. फोर्ड म्हणजे तिथला सर्वेसर्वा, भल्याभल्यांना रडवणारा. पुढे दहा वर्षांहून जास्त काळ त्याने बेनला काम दिलं नाही, थेट १९६४ च्या 'शायान ऑटम'पर्यंत. एका जेवणाची ही किंमत. पण बेनने त्याबद्दल कधी कडवट बोलून जागा मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग त्याने जे केलं, ते मला सगळ्यात आवडतं. हातात सिनेमे असताना तो १९५३ मध्ये ते सोडून रोडिओत, म्हणजे काउबॉयच्या कसबांच्या स्पर्धांत, उतरला. वडील नुकतेच गेले होते. ते ज्या खेळात गाजले, त्यात आपल्याला काय जमतं हे त्याला बघायचं होतं. टीम रोपिंग म्हणजे दोन घोडेस्वारांनी मिळून सुटलेल्या खोंडाला फास टाकून अडवायचं, आणि सगळा खेळ सेकंदांचा. त्या वर्षी तो या प्रकारात जगज्जेता झाला. वर्षभर गावोगाव फिरून घरी आला तेव्हा खिशात तीन डॉलरही नव्हते. तो स्वतः सांगायचा, माझ्याकडे फक्त एक खिळखिळी मोटार आणि रागावलेली बायको उरली होती. मग मुकाट्याने परत सिनेमाकडे. रोडिओचं जगज्जेतेपद आणि ऑस्कर दोन्ही मिळवलेला माणूस त्याच्याशिवाय दुसरा नाही.

मधली वर्षं पटकन सांगते, कारण त्यांत लहान भूमिकाच जास्त. मार्लन ब्रँडोच्या 'वन-आइड जॅक्स'मध्ये खलनायकी, सॅम पेकिनपाच्या 'मेजर डंडी'त सैनिक. १९६९ च्या 'द वाइल्ड बंच'मध्ये तो टेक्टर गॉर्च. शेवटी विल्यम होल्डन, अर्नेस्ट बोर्गनाइन, वॉरन ओट्स आणि बेन, चौघं बंदुका घेऊन एका रांगेत मरणाकडे चालत जातात, ते दृश्य. सिनेमा फार हिंसक आहे, रात्री एकटीने बघू नकोस.

आणि मग १९७१ चा 'द लास्ट पिक्चर शो'. टेक्सासमधल्या आर्चर सिटी या गावात, कृष्णधवल चित्रित केलेला. त्यात तो सॅम द लायन. गावातलं एकुलतं एक थिएटर, पूल खेळायचा अड्डा आणि खानावळ चालवणारा म्हातारा. दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच मागे लागला होता, बेन नाही म्हणत होता. कारणं दोन : संवाद फार, आणि त्यांत शिव्या. शेवटी बोग्दानोविचने जॉन फोर्डलाच फोन करायला लावला. ज्याने दहा-बारा वर्षं काम दिलं नाही त्या फोर्डने गळ घातली, की जन्मभर वेनचा साथीदारच राहायचं आहे का. बेन तयार झाला, पण आपले संवाद स्वतःच्या तोंडी बसतील असे शिव्या काढून लिहून घेतले. पैशासाठी वा प्रसिद्धीसाठी, आपल्याला शोभत नाही ते त्याने बोललं नाही.

पडद्यावर तो जेमतेम दहा मिनिटं आहे. तळ्याकाठी बसून तो एका मुलाला सांगतो, की वीस वर्षांपूर्वी इथे मी एका तरुण बाईला घेऊन आलो होतो. एवढंच बोलणं, पण त्या वेळी त्याचा चेहरा बघ. पुढे सिनेमाच्या मध्येच सॅम मरतो, तोही पडद्याबाहेर. उरलेला सगळा वेळ त्या गावात तो नाही हे आपल्याला जाणवत राहतं. एप्रिल १९७२ मध्ये सहायक अभिनेत्याचं ऑस्कर त्याला मिळालं, त्याच सिनेमातल्या तरुण जेफ ब्रिजेसलाही नामांकन असताना. तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. पुढे रोडिओ भरवून त्याने मुलांच्या मदतीसाठी पैसे उभे केले आणि शेवटपर्यंत काम करत राहिला. ८ एप्रिल १९९६ ला ॲरिझोनातल्या मेसा इथे, आईला भेटायला गेला असताना हृदयविकाराने गेला.

अभिनय कसा करतोस असं विचारलं की तो म्हणायचा, मी काही मोठा नट नाही, मला बेन जॉन्सन व्हायला जमतं. मला हे पूर्ण पटत नाही. स्वतःला कॅमेऱ्यासमोर जसंच्या तसं ठेवणं फार थोड्यांना साधतं. भलेभले त्यात नट होऊन बसतात. त्याच्या हातांना काम माहीत होतं. खोगीर कसताना, दोर गुंडाळताना तो कॅमेऱ्याकडे लक्षच देत नाही, आणि म्हणून बाकीच्या खोट्या गावावरही आपला विश्वास बसतो.

तर आता काय करायचं ते सांगते. एखाद्या शनिवारी मैत्रिणींना घेऊन निघ. पॉहस्कात बेन जॉन्सन काउबॉय म्युझियम आहे, ते बघ. मग गावाच्या उत्तरेला टॉलग्रास प्रेअरी म्हणून सुमारे ४०,००० एकरांचं राखीव गवताळ रान आहे. तिथे १९९३ पासून बायसन, म्हणजे तिकडचे केसाळ रानगवे, पुन्हा सोडले आहेत. त्या रानाचं मुख्यालय म्हणजेच जुन्या चॅपमन-बर्नार्ड रँचची इमारत, जिथे त्याचे वडील मुकादम होते. बायसनपासून लांबूनच फोटो काढ, गाडीतून उतरून जवळ जाऊ नकोस. पेट्रोल आधी भरून घे, पुढे पंप विरळ आहेत. आधी 'वॅगन मास्टर' बघ आणि मग जा. आणि तिथल्या घोड्यांबद्दल मला नीट लिही. त्यांच्या पाठी कशा आहेत, खूर कसे आहेत, हे तुझ्याइतकं चांगलं मला कोण सांगणार?

बाबांचा गुडघा आता बरा आहे. लोणचं मामाबरोबर पाठवते आहे.

तुझी,
आई