पिशवीसोबतचं पत्र

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

बाबा उद्याच्या पहिल्या एसटीने निघतायत, त्यांच्याबरोबर पिशवी देतेय. माझा खोकला अजून गेलेला नाही. तो जाईपर्यंत बत्तिसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाच्या आसपास मी फिरकणार नाही. तूही कुणाला फिरकू देऊ नकोस, मग ती आत्या का असेना. तिला वाईट वाटलं तर वाटू दे, मी बघते.

1480 ग्रॅम वजन ऐकून घाबरू नकोस. पाणी गेल्याबरोबर तू रेवाला गाडीत घातलंस, सकाळ होऊ दिली नाहीस, म्हणून डेक्सामिथासोनचे चारही डोस बारा-बारा तासांनी पुरे झाले. त्या इंजेक्शनांनी बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. छकुली आज नाकातल्या सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या नळीवर भागवतेय, यात त्या डोसांचा वाटा मोठा आहे. विहीणबाई 'एवढी घाई कशाला' म्हणत होत्या ना? त्यांना काही बोलू नकोस. मला मात्र तुझं कौतुक वाटलं, ते लिहून ठेवते.

आता एकच विचारते. तिचे तळपाय हाताला कसे लागतात?

आपल्या तळहाताला कळत नाही, हाताच्या मागच्या बाजूने बघ. आधी पोट, मग तळपाय. दोन्ही कोमट असले तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असले तर ती ऊब राखायला धडपडतेय. दोन्ही गार लागले तर लगेच सिस्टरांना हाक मार. अशा बाळाच्या अंगात चरबी नसते, कातडी पातळ असते, वजनाच्या मानाने अंग उघडं फार. त्यांना कुडकुडताही येत नाही. गारठली की ऊब धरण्यात साखर आणि प्राणवायू दोन्ही खर्ची पडतात, साखर उतरते, श्वास अडखळतो आणि वजन तिथेच थांबतं. काखेत 36.5 ते 37.5 सेल्सिअस हवं. शकूमावशीच्या बाळाचं तुझ्या कानावर आहेच. दुपट्यांत गुंडाळलं होतं, तोंड लालबुंद दिसत होतं, पायाला कुणी हात लावला नाही. असो.

डॉक्टर हो म्हणाले की तू तिला छातीशी घे. सगळं रेवावर टाकू नकोस, तिचे टाके ओले आहेत. 1978 साली कोलंबियात, बोगोटाच्या इस्पितळात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या पुरेनात, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आता जागतिक आरोग्य संघटनाही जन्मल्यापासूनच हे करा म्हणते, दिवसाला आठ तास तरी, जास्त तेवढं चांगलं. आणि 'पुरुषाला काय जमतं' असं कुणी म्हटलं तर ऐकून सोडून दे.

खुर्चीत मागे रेलून बस. शर्टाची बटणं सगळी उघडी, गळ्यातली चेन, घड्याळ, अंगठी काढलेली. तिच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. ती उभी, तुझ्या छातीच्या मधोमध. डोकं एका बाजूला वळवलेलं आणि हनुवटी किंचित वर. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दुमडते, मान फार मागे गेली तरी तेच. हात कोपरात मुडपलेले, पाय बेडकासारखे. वरून सुती पट्टा तिच्या कानाच्या खालच्या कडेपर्यंत. छातीपाशी घट्ट चालेल, पोटापाशी सैल हवा, कारण ही बाळं पोटाने श्वास घेतात. नळ्या सिस्टर सांभाळतील. एकदा घेतलं की तासाच्या आत परत ठेवू नकोस, उचल-ठेव केली की ती थकते. घेताना आणि ठेवताना तळपाय बघ.

रेवाच्या दुधाचं. पहिल्या दिवसांत चमचाभर चीक निघाला तरी 'दूधच नाही' असा शिक्का तिच्यावर मारू नका. छकुलीला सध्या नळीतून अवघे काही मिलिलिटर लागतायत. दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठ वेळा काढायला हवं, आणि रात्रीची एक वेळ चुकवायची नाही. अंगठा वर, पहिलं बोट खाली, काळ्या गोलाच्या कडेला. आधी आत छातीकडे दाबायचं, मग चिमटायचं. बोटं कातडीवर घासायची नाहीत आणि बोंडी ओढायची नाही, तिथे दूध नसतं. भांडं उकळून घेतलेलं, झाकणाचं. दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये 24 तास. कोमट पाण्याच्या वाटीत भांडं ठेवून गार मोडायचं, गॅसवर नाही. कमी पडलंच तर दूधपेढीचं मिळतं का विचार. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली पेढी याचसाठी सुरू केली. दुसऱ्या आईचं दूध म्हणून नाक मुरडायचं नाही. आणि बाटली घरात येता कामा नये! ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यात बसतो, तोवर नळी, मग वाटी नाहीतर बोंडलं.

फारच शिकवायला लागले. वॉर्डातली सवय, रागावू नकोस.

वजन पहिल्या आठवड्यात उतरेल. 1330 ऐकलंस तर फोन करून रडू नकोस. दोन आठवड्यांच्या आसपास भरून येतं, मग रोज वीस-पंचवीस ग्रॅम वाढलं की झालं. मधेच तिचा श्वास थांबेल, यंत्र ओरडेल. वीस सेकंदांच्या वर थांबला तर त्याला महत्त्व. सिस्टर तळपायाला टिचकी मारतात आणि बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. श्वास असा थांबू नये म्हणूनच कॅफीनचं औषध देतात. आवाज आला की आधी तिच्या रंगाकडे बघ, पडद्याकडे नंतर.

आजीला सोन्याच्या अंगठीने मध चाटवायचा आहे. मी नाही म्हटलं, रुसून बसली आहे. मध नाही, घुटी नाही, काजळ नाही, धुरी तर नाहीच, त्या धुराने फुप्फुसं बिघडतात. पाचवी पुजायची तर घरच्या घरी पुजू, बाळाला हजर करायची गरज नाही. घरी आल्यावर दोन किलो होईपर्यंत अंघोळ नको, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. गरम पाण्याची पिशवी लावू नका, कातडी भाजते. श्वास पूर्ण मिनिटभर मोज, ती शांत असताना. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा मोज. पुन्हा तेच आले, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, दूध सोडलं किंवा तळवे पिवळे दिसले तर फोन मला नाही, गाडी काढायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने हेच श्वास मोजणं गावातल्या बायकांना शिकवलं, तू तर इंजिनियर आहेस.

डोळ्यांची तपासणी चौथ्या आठवड्यात, घरी सोडलं असलं तरी. हे कार्डावर लिहून घे, कुणी आठवण करेल याची वाट बघू नकोस. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात, वेड्यावाकड्या वाढल्या तर काही दिवसांतच लेसर करावा लागतो. उशीर झाला तर नजर जाते. बाहेरून डोळे अगदी छान दिसत असतात. कानांची तपासणीही मागून घे. लसी जन्मतारखेने, पण बसणं-रांगणं मोजताना आठ आठवडे वजा करायचे. सहा महिन्यांची झाली की तिला चार महिन्यांची समज, आणि ताईच्या मुलाशी तुलना नको.

रेवा 'मी जास्त चालले म्हणून झालं' म्हणत होती. तसं काही नसतं. हे तिला तू सांग, माझ्या तोंडून सासूचं वाटेल.

पिशवीत टोपडी, लोकरीचे पायमोजे चार जोड, पट्ट्यासाठी जुन्या धोतराचे दोन तुकडे, धुऊन उन्हात वाळवलेले. मोजे ओले झाले की लगेच बदल, ओल्या मोज्याने पाय जास्त गार पडतात. हो, पुन्हा तेच लिहिलं. वरच्या डब्यात अळिवाचे लाडू रेवासाठी आहेत, तू खाऊ नकोस. बाबांच्या बीपीच्या गोळ्या बाजूच्या कप्प्यात आहेत, ते रात्रीची हमखास विसरतात.

आई