मोची खाताना ज्येष्ठांची काळजी घ्यावी

महोदय,

छत्रपती संभाजीनगरातील एका छोट्या दुकानात गेल्या रविवारी आईसोबत ‘मोची’ ही जपानी पद्धतीची तांदळाची मिठाई चाखली. चिकट जातीचा तांदूळ वाफवून, उखळात लाकडी हातोड्याने कुटून केलेल्या मोचीत अझुकी या लाल कडधान्याचे गोड सारण भरले की तिला ‘दाइफुकु’ म्हणतात. पुरणपोळीवर वाढलेल्या आम्हा मराठवाड्यातील माणसांना हे सारण मुळीच परके वाटत नाही. खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली ‘साकुरा-मोची’ तर मला फारच आवडली.

मात्र पिठी भुरभुरलेला तो मऊ गोळा दाताखाली तुटत नाही, ताणला जातो. सत्तरी ओलांडलेल्या आईचा घास घशाशी अडकला आणि जोराचा खोकला आल्यावरच सुटला. ते क्षण मी विसरू शकत नाही. जपानमध्येही नववर्षाच्या सुमारास मोची घशात अडकून वृद्ध दगावतात, म्हणून टोकियोचे अग्निशमन दल ती लहान तुकडे करून, सावकाश चावून खाण्याचे आवाहन करते. विक्रेत्यांनी हीच सूचना ठळक मराठीत लावावी आणि ज्येष्ठांना व लहान मुलांना मोची कापूनच द्यावी, अशी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर