आमचा जुना डेस्कटॉप चालू करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार फोनवर मानायला गेले, तर ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून आता लिहून मानते, आणि चारचौघांसमोर मानते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात असे जुने संगणक सांभाळून असलेले डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणारे, अजून बरेच आहेत. तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

आमचा डेस्कटॉप २००७ सालचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, विंडोज एक्सपी, त्यावर पानं जुळवायचं पेजमेकर. लोक विचारतात, एवढा जुना कशाला ठेवलाय? ज्यांनी युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखंच मराठी दिसणाऱ्या पद्धतीच्या, आधी मराठीत अक्षरजुळणी केली आहे त्यांना हे विचारावं लागत नाही. त्या काळच्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसता गिचमिडकाला. आमच्या या मशीनमध्ये शिमग्याच्या पालखीची पत्रकं आहेत, नमनमंडळांची हँडबिलं आहेत, पतसंस्थांचे अहवाल आहेत, बंद पडलेल्या एका दिवाळी अंकाची सगळी पानं आहेत. माणसं येतात आणि म्हणतात, ताई, मागच्या वर्षीचीच पत्रिका, फक्त तारीख बदला. ती ‘मागच्या वर्षीची’ पत्रिका दुसरीकडे कुठेच नाही.

तो संगणक सकाळी चालू होईनासा झाला. बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरायचा आणि थांबायचा. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. बऱ्याच वेळा दाबल्यावर एकदाचा चालू व्हायचा आणि मग दिवसभर सुरळीत चालायचा. त्यात घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जायचं आणि पडद्यावर एफ-१ दाबा म्हणून यायचं. दाखवलं तिथे उत्तर एकच मिळालं: मदरबोर्ड गेला, याचे भाग आता मिळत नाहीत, नवीन घ्या. कुणी झाकणही उघडून पाहिलं नव्हतं.

तुम्ही सावर्ड्याहून आलात आणि आधी खुर्ची ओढून बसलात. पंखा किती वेळ फिरतो, बीप येते का, दुपारी काय होतं, पावसाळ्यात जास्त होतं का, सगळं विचारलंत. मग प्लग काढलात आणि सगळ्यात आधी हार्ड डिस्क बाहेर काढलीत. ती वायरने तुमच्या लॅपटॉपला जोडून त्यातलं सगळं, फॉन्टसकट, दुसऱ्या डिस्कवर उतरवलंत. तोवर दुरुस्तीला हात लावला नाहीत. ‘मशीन मेलं तरी चालेल, काम मरता कामा नये,’ हे तुमचं वाक्य. माझा जीव तिथेच भांड्यात पडला. बाकीचं झालं नसतं तरी एवढ्यासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी राहिले असते.

मग एकेक वस्तू सोडवत गेलात. सीडी ड्राइव्ह, डिस्क, जादा कार्ड, सगळं बाजूला. शेवटी रॅमच्या दोन्ही पट्ट्यासुद्धा काढल्यात आणि बटण दाबलंत. आत लांब लांब बीप वाजायला लागल्या. मी घाबरले, तुम्ही हसलात. रॅम नाही अशी तक्रार करण्याइतका बोर्ड जिवंत आहे, प्रोसेसर आणि बायोस (संगणक सुरू करून देणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) दोन्ही बोलतायत, असं म्हणालात. ‘मदरबोर्ड गेला’ या निकालाचं खरंखोटं दोन मिनिटांत झालं, तेही एक पैसा खर्च न करता. रॅमचे सोनेरी दात काळपटले होते, कोकणातली दमट हवा दुसरं काय करणार. ते साध्या खोडरबराने पुसलेत, खाचेतली धूळ ब्रशने काढलीत. घड्याळासाठी तीन व्होल्टचा सीआर २०३२ सेल बदललात. नाण्याएवढा तो सेल कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा मिळतो.

त्यानंतर मशीन चालू झालं. इथे थांबला असतात तर मीही आनंदाने पैसे दिले असते. पण तुम्ही म्हणालात, हा सकाळचा आजार आहे, दुपारी बरा दिसला म्हणून काय झालं. रात्री बंद करून ठेवा आणि मी येईपर्यंत बटणाला हात लावू नका, असं बजावून गेलात. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हजर झालात. बोर्डाला जोडलेल्या प्लगच्या मागच्या बाजूने मीटरच्या सुया घातल्यात आणि मला बटण दाबायला सांगितलंत. पिवळ्या तारेवर बारा व्होल्ट हवेत, ११.४ च्या खाली जाता कामा नये. चालू होता होता आकडा त्याच्याही खाली घसरला आणि पंखा थांबला. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

बरोबर आणलेला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, जोडलात. फरक पडला, पण पूर्ण नाही. मग बॅटरीचा उजेड धरून प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवणाऱ्या छोट्या डब्या, दाखवलेत. काहींची डोकी सपाट होती, काहींची फुगून घुमटासारखी झाली होती. जुना कपॅसिटर आतून सुकत जातो, गार असताना त्याची ताकद आणखी कमी पडते, थोडा तापला की कसाबसा काम करतो. म्हणून सकाळी रडतो आणि पुन्हा पुन्हा बटण दाबलं की उठतो. इतके दिवस जे विचित्र वाटत होतं त्याला असं साधं, सरळ कारण होतं! तेवढेच मायक्रोफॅरड (म्हणजे साठवणक्षमता), व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचे, असे बघून नवे कपॅसिटर आणलेत, ऋण बाजूची पट्टी दोनदा तपासून सोल्डरचे डाग दिलेत. जुना एसएमपीएस उघडून बघू का असं मी विचारलं, तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात, हात लावायचा नाही. तो दरडावलेला सूर मला फार आवडला, काका. तुम्हाला माझी काळजी होती.

मजुरीही बेताचीच घेतलीत, आणि काढलेले सगळे भाग पिशवीत घालून माझ्या हातात दिलेत. हे कुणी करत नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्या मशीनची इंटरनेटची वायर काढली आहे. एक्सपीला २०१४ च्या एप्रिलपासून सुरक्षेचे नियमित अपडेट नाहीत, हे आता दुकानात येणाऱ्या पोरांनाही मी सांगते. दिवाळी अंकाची पानं युनिकोडमध्ये आणायला सुरुवात केली आहे. रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात, वेळ लागेल, पण मूळ प्रत चालू आहे तोवर घाई नाही.

आणखी एक. दापोलीला माझी मैत्रीण आहे, तिचाही डीटीपीचा धंदा. तिचा संगणकही सकाळी असाच अडतो आणि तिलाही नवीन घ्या असंच सांगितलंय. आधी डिस्क उतरवून घे, तोवर काही करू नको, एवढं मी तिला सांगून ठेवलं आहे. तिला तुमचा नंबर देऊ का?

आपली,
चिपळूणच्या बाजारपेठेतली डीटीपीवाली