आल्प्सच्या घाटात किलोमीटर नाही, चढ मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय : परदेशात डोंगराळ भागात इलेक्ट्रिक गाडी नेण्याबद्दल

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पर्यटन पुरवणीत युरोपात स्वतः गाडी चालवत फिरणाऱ्यांसाठी बरंच काही छापून येतं, ते मी आवडीने वाचतो, पण एक सल्ला हमखास असतो की आल्प्समध्ये जाताय तर भाड्याने पेट्रोलचीच गाडी घ्या, इलेक्ट्रिक घेतलीत तर घाटात मध्येच बंद पडेल. हे वाचलं की मला राहवत नाही. माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली, मुलगा-सून म्युनिकला असतात, त्यांच्याबरोबर ऑस्ट्रिया आणि उत्तर इटलीतले हे घाट इलेक्ट्रिक गाडीनेच बघितलेत, त्यामुळे थोडं हिशोबाचं बोलतो.

लोक काय करतात, गाडीच्या स्क्रीनवर 350 किलोमीटर दिसले आणि पुढचा चार्जर 60 किलोमीटरवर असला की निर्धास्त होतात, किंवा उलट चढावर बॅटरीचे टक्के भराभर उतरायला लागले की घाबरून जातात. दोन्ही वेळेला एकच गोष्ट बघायची राहिलेली असते, ती म्हणजे उंची. चढाचा हिशोब अगदी शाळेतला आहे, वजन गुणिले गुरुत्व गुणिले उंची. गाडी, चार माणसं, बॅगा मिळून 2300 किलो धरले तर प्रत्येक 1000 मीटर चढायला सव्वासहा युनिट लागतात. युनिट म्हणजे तेच, आपल्या घरच्या बिलावर असतं ते. हे नुसतं वर उचलायचे झाले, रस्त्यावर चालायचे आणखी वेगळे.

आता ऑस्ट्रियातला ग्रॉसग्लॉकनर रस्ता घ्या, 1935 साली सुरू झालेला, जवळपास 48 किलोमीटरचा, 36 हेअरपिन वळणांचा. ब्रुक गाव साधारण 750 मीटरवर आणि होखटोरची खिंड 2504 मीटरवर. म्हणजे चढ साडेसतराशे मीटरचा, नुसत्या उंचीचेच 11 युनिट झाले, वर चालायचे चार-पाच धरा. 60 युनिटची बॅटरी असेल तर पाव बॅटरी तीसेक किलोमीटरमध्ये गेली. ज्याला माहीत नाही त्याला वाटणार गाडी बिघडली. पुणेकरांना सांगायचं तर खोपोलीवरून लोणावळ्याला चढताना टक्के कसे घसरतात ते ज्यांच्याकडे ईव्ही आहे त्यांना माहितीये, तसे तीन बोरघाट एकावर एक ठेवले की ग्रॉसग्लॉकनर झाला. इटलीतला स्टेल्व्हिओ याहून थोडा जास्त, प्रातो गावापासून 48 वळणं चढून खिंड 2757 मीटरवर. (तो रस्ता 1825 चा, ऑस्ट्रियन साम्राज्याने बांधला, आणि आपला बोरघाटाचा गाडीरस्ता 1830 ला सुरू झाला, म्हणजे जवळजवळ जुळी भावंडंच म्हणायची.)

पण गंमत पुढे आहे. पलीकडे हायलिगेनब्लुटला उतरताना साधारण बाराशे मीटर खाली येता, तेव्हा मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि बॅटरीत वीज परत भरते. चढताना घातलेलं सगळं परत मिळत नाही, काही घर्षणात जातं काही उष्णतेत, पण उतरताना जेवढी उंची सोडता तिच्यातलं निम्म्याच्या वर तरी मिळतंच. आम्ही खाली आलो तेव्हा टक्के वाढलेले बघून बायको म्हणाली की मग रोज उतारच बघा की. सांगायचा मुद्दा असा की घाट चढून उतरलं की एकूण खर्च सपाट रस्त्यापेक्षा फार जास्त होत नाही कारण घाटात वेग कमी असतो, हवेचा विरोध कमी. खरी वीज खातो तो जर्मनीतला ऑटोबान, म्हणजे तिथला एक्स्प्रेसवे. 130 ने हाणली तर मोठी गाडी 100 किलोमीटरला 25 युनिटपर्यंत सहज घेते, 110 ने गेलात तर 20 च्या आत-बाहेर. म्युनिक ते ब्रुक पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यातच निम्म्याहून जास्त बॅटरी जाते आणि मग माणूस दोष घाटाला देतो!

म्हणून चार्जिंग करायची जागा घाटाचा पायथा. वर माथ्यावर चार्जर आहे का हे शोधत बसू नका, असला तर बरंच आहे पण भरवसा त्याच्यावर नको. पायथ्याच्या गावात जेवायला थांबा, फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांपर्यंत न्या आणि निघा. 80 च्या पुढे गाडी स्वतःच वेग कमी करते, शेवटच्या 20 टक्क्यांना कधीकधी आधीच्या 70 एवढा वेळ जातो, ती रांग अडवून बसण्यात अर्थ नाही, शिवाय बऱ्याच ठिकाणी ठरावीक वेळेनंतर जास्तीची फी लागते.

आणि एक, जे कुणी लिहीत नाही. मुक्काम डोंगरावर असेल तर सकाळी 100 टक्के भरून उतरायला लागू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असली की परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, मग गाडी रीजेन (म्हणजे उतारावर वीज परत भरणं) बंद करते किंवा कमी करते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापणं काय असतं हे आपल्या घाटात ट्रकवाल्यांना विचारा. हॉटेलात 85 वर थांबवा, गाडीतच तशी सेटिंग असते.

मुक्कामावरून आठवलं, या भागात प्लॅनिंगचा अर्धा भाग म्हणजे हॉटेल निवडणं. आल्प्समधल्या बऱ्याच छोट्या हॉटेलांकडे 11 किलोवॅटचे एसी पॉइंट (म्हणजे सावकाश भरणारे चार्जर) असतात, रात्रभरात गाडी निवांत भरते, सकाळी चार्जर शोधायची भानगड नाही. फक्त बुकिंगच्या आधी मेल करून विचारा की पॉइंट किती आहेत आणि आमच्यासाठी राखून ठेवाल का, कारण वेबसाइटवर चार्जिंगची खूण असते पण पॉइंट दोन आणि गाड्या आठ असं होऊ शकतं. काही जण खुशाल घरगुती सॉकेट दाखवतात, त्यावर दोन-सव्वादोन किलोवॅटच मिळतात, म्हणजे दहा तासांत वीस-बावीस युनिट, तेही चालेल, पण त्यासाठी लागणारा पोर्टेबल चार्जर भाड्याच्या गाडीत बहुतेक नसतो. एसी पॉइंटलाही युरोपात पुष्कळ ठिकाणी केबल आपलीच लागते, तेव्हा गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून टाइप टू केबल आहे ना बघून घ्या. फास्ट चार्जरची केबल तिथेच लावलेली असते आणि प्लग सीसीएस टू, आपल्याकडच्या गाड्यांना असतो तोच, त्यामुळे इथे ज्यांनी ईव्ही वापरली आहे त्यांना काही नवीन शिकायचं नाही.

नवीन शिकायचं ते पैशांचं. तिथे कंपन्या अनेक, प्रत्येकाचं ॲप वेगळं, दर वेगळे, आणि सभासद नसाल तर हायवेवर युनिटला 70-80 सेंटसुद्धा पडतात. युरोपियन युनियनने नियम केलाय की 13 एप्रिल 2024 नंतर बसवलेल्या 50 किलोवॅट आणि वरच्या सार्वजनिक चार्जरवर साधं बँक कार्ड चाललंच पाहिजे, पण जुने चार्जर आहेतच आणि डोंगरातल्या गावात तेच गाठ पडतात. तिथे ॲप लागतं, ॲपमध्ये भारतीय कार्ड टाकलं की ओटीपी येतो भारतातल्या नंबरवर, आणि सिम तर घरी कपाटात! तेव्हा ॲप इथूनच डाउनलोड करून कार्ड जोडून ठेवा, भारतीय नंबर रोमिंगवर चालू ठेवा, आणि बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत का तेही बघा, 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ते मुळात बंदच असतात. चार्जर आधी काही युरो अडवून ठेवतो आणि नंतर खरं बिल लावतो, त्यात फॉरेक्स कार्ड अडू शकतं, म्हणून जोडीला एक क्रेडिट कार्ड ठेवावं.

रस्ता ठरवायला ए बेटर रूट प्लॅनर नावाचं ॲप चांगलं आहे, ते चढ-उतार, थंडी, गाडीचं मॉडेल सगळं धरून सांगतं की पोचताना किती टक्के उरतील. मी आपलं कागदावर करतो, दोन्ही आकडे जवळपास येतात, पण कागदावर केलं की आपल्याला कळतं टक्के कुठे चाललेत. पोचताना 15-20 टक्के उरतील असंच ठरवा. गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये चार्जर हेच ठिकाण टाका म्हणजे बऱ्याच गाड्या पोचायच्या आधी बॅटरी गरम करून ठेवतात, नाहीतर गार बॅटरीवर 150 किलोवॅटच्या चार्जरवरसुद्धा निम्माच वेग मिळतो आणि माणूस चार्जरवाल्याला शिव्या देतो. जुलैतही 2500 मीटरवर कधीकधी पाच-सात डिग्री असतं, हे लक्षात असू द्या.

आपल्या वाचकांसाठी महत्त्वाचं म्हणजे मे महिना. शाळांच्या सुट्ट्यांमुळे आपली कुटुंबं मे मध्ये जातात, आणि ग्रॉसग्लॉकनर साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो, पण स्टेल्व्हिओ, किंवा स्वित्झर्लंडमधल्या फुर्का नि सुस्टेन या खिंडी बर्फामुळे बहुतेक मे संपता संपता किंवा जून उजाडल्यावरच उघडतात. खिंड बंद निघाली की सगळा प्लॅन बदलतो, अंतर वाढतं, चार्जर बदलतात. ग्रॉसग्लॉकनरच्या बाजूला फेल्बरटाउअर्न बोगदा आहे, 1967 पासून, पाच-सव्वापाच किलोमीटरचा, बर्फातही चालू असतो, टोल लागतो. असा दुसरा रस्ता आणि त्याच्यावरचे चार्जर आधीच लिहून ठेवायचे, घाटाच्या तोंडाशी पोचल्यावर पाटी बघून शोधायला लागायचं नाही.

आपल्याला विनंती एवढीच की पुरवणीत असे प्रवासमार्ग छापताना अंतराच्या शेजारी पायथ्याची आणि खिंडीची उंची छापा, आणि खिंड साधारण कुठल्या महिन्यात उघडते तेही. दोन ओळींचं काम आहे. बाकी इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून न्या, इटली आणि ऑस्ट्रियात नुसतं भारतीय लायसन्स पुरत नाही, गाडी पेट्रोलची असो की विजेची.

आपला,
एक निवृत्त वीज अभियंता, पुणे