मांडीच्या हाडाला सहा आठवडे मिळतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युद्धग्रस्त भागातल्या तंबू-रुग्णालयाचा फोटो तुम्ही पहिल्या पानावर छापलात. सगळ्या खाटांवर पुरुष. मी भूलतज्ज्ञ आहे. अशा तीन मोहिमांत काम केलंय आणि तिथे असताना मलाही ते कधी खटकलं नाही, म्हणून हे पत्र.

दुसऱ्या मोहिमेत एक बाई आली. दोन दिवस अडलेली, बाळ पोटातच गेलेलं. पूर्ण शुद्धीवर होती, माझ्या प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती. तरी आम्ही तीन तास तिच्या दिराची वाट पाहत बसलो, कारण कागदावर त्याचा अंगठा हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी मी भूल देण्याआधी रोज मोठ्याने वाचायचे. नाव काय, कोणती शस्त्रक्रिया, तुमची संमती आहे ना, हे सगळ्यात आधी खुद्द रुग्णाकडून पक्कं करून घ्यायचं असतं. जखमी पुरुषांना आम्ही तसंच विचारत होतो. तिच्या वेळी उत्तर पडद्याबाहेरच्या दुभाष्याने दिलं.

सिझेरियन झालं. पाचव्या दिवशी राउंडला गेले, तर तिने चादरीची चौघडी करून खाली घेतली होती आणि काही केल्या उठायला तयार नव्हती. बाळाचं डोकं फार वेळ मूत्राशयावर दाबून राहिलं की तिथला भाग मरतो, भोक पडतं आणि लघवी सतत गळत राहते. हा फिस्टुला. जगात दरवर्षी ५० हजार ते १ लाख बायकांना तो होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ताजा आणि लहान असेल, तर चार-सहा आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ठेवून काही वेळा आपोआप भरतो. म्हणजे तिला हवी होती फक्त एक खाट आणि एक नळी. ‘हे तातडीचं नाही,’ असं ठरलं आणि सातव्या दिवशी तिला सोडलं. मी काही बोलले नाही, याचा सल आजही आहे.

त्याच वेळी पलीकडच्या तंबूत एका तरुणाची मोडलेली मांडी ट्रॅक्शनला, म्हणजे वजन लावून ताणून ठेवलेली होती. सहा आठवडे. त्याची खाट अडली, असं कुणाच्या मनातही आलं नाही आणि येऊही नये. नोंदवहीत तिच्यासमोर मात्र ‘सिझेरियन, यशस्वी’ एवढंच.

तिसऱ्या मोहिमेत तिथलीच एक सुईण दुभाषी म्हणून टेबलाशी उभी राहायची. पहिल्याच बाईने तिचा हात धरून दोन प्रश्न विचारले: दुखेल का, आणि नंतर इथे किती दिवस राहता येईल?

अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा तुमच्या वार्ताहरांनी एवढं विचारावं: बायकांच्या खाटा किती, त्यांच्या कागदावर अंगठा कुणाचा, आणि घरी गेल्यावर त्यांची चौकशी कोण करतं?

आपली,
एक भूलतज्ज्ञ